वाफेची सोय असलेला कॉम्बिनेशन मायक्रोवेव्ह: कुणी घ्यावा, कसा वापरावा, कुठे जपावं

मायक्रोवेव्ह, ग्रिल, कन्व्हेक्शन (गरम हवा फिरवून भाजणं) आणि वाफ, या चारही सोयी एकाच पेटीत देणारी घरगुती यंत्रं आता सहज मिळतात. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मॉडेलचं नाही. ओट्यावर ठेवता येणाऱ्या, साधारण २५ ते ३५ लिटरच्या या प्रकाराचंच आहे. निकाल आधीच सांगायचा तर मोदक, ढोकळा, अळूवडी, इडली, वाफवलेले मासे-भाज्या ज्या घरात नेहमी होतात आणि अधूनमधून केक किंवा भाजलेलं चिकनही होतं, तिथे हे यंत्र पैसे वसूल करतं. दूध तापवणं आणि कालची भाजी ऊन करणं एवढंच काम असेल, तर २० लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह पुरेसा आहे. जास्तीचे पैसे घालू नयेत.

सुरक्षिततेच्या बाजूनं मात्र हे यंत्र साध्या मायक्रोवेव्हपेक्षा जास्त लक्ष मागतं. कन्व्हेक्शनमध्ये बिनधोक चालणारं स्टीलचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या पाडतं. मायक्रोवेव्हमध्ये चालणारा प्लास्टिकचा डबा कन्व्हेक्शनमध्ये वितळतो. वाफेच्या मोडनंतर दार सवयीनं खाडकन उघडलं तर मनगट भाजतं. घरी होणाऱ्या बहुतेक चुका अशाच असतात: एका मोडचा हात दुसऱ्या मोडला लावला जातो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

वाफ येते कुठून

दुकानात खोक्यावर ‘स्टीम’ लिहिलेलं असतं, पण त्यामागे तीन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे ‘स्टीम क्लीन’. यात स्वयंपाकाची वाफ नाहीच. वाटीत किंवा तळाशी थोडं पाणी उकळवून आतले डाग सैल करायचे, एवढंच. हे काम कुठल्याही मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या वाडग्यात लिंबाच्या फोडी आणि पाणी ठेवून होतं. त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

दुसरी म्हणजे सोबत दिलेलं वाफवायचं भांडं. खाली पाण्याचा प्लास्टिकचा वाडगा, मध्ये भोकांची जाळी, वर झाकण. वाडग्यातलं पाणी मायक्रोवेव्हच्या लहरीच उकळवतात. काही संचांत जाळी आणि झाकण मुद्दाम स्टीलचं असतं, म्हणजे लहरी पदार्थापर्यंत न पोचता फक्त पाणी तापवतात. हा संच पाण्याशिवाय कधीही चालवायचा नाही. पाणी नसेल तर लहरी शोषायला काही उरत नाही, स्टीलच्या कडांवर ठिणग्या पडतात आणि वाडगा वितळतो. ग्रिल किंवा कन्व्हेक्शनमध्येही तो ठेवायचा नाही, कारण वाडगा प्लास्टिकचा आहे. आणि एका संचाचं स्टीलचं झाकण दुसऱ्या वाडग्यावर ठेवून काम भागवायचं नाही.

तिसरी म्हणजे खरी वाफ: बाहेरून काढता येणारी पाण्याची टाकी, छोटा पंप, पाणी उकळवणारा हीटर आणि आत वाफ सोडणारं तोंड. इथे वाफ तयार करायला मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी सोडणारा भाग, लागत नाही. परीक्षणात पुढे ‘वाफ’ म्हटलं आहे ते मुख्यतः या प्रकाराबद्दल. घ्यायचा असेल तर हाच घ्यावा. टाकी पुढून ओढून काढता येईल अशी असावी. टाकी भरायला यंत्र सरकवावं लागत असेल तर काही दिवसांतच वाफ वापरणं बंद होतं.

प्लग, अर्थिंग आणि जागा

‘९०० वॉट’ हा आकडा पदार्थाला मिळणाऱ्या मायक्रोवेव्ह शक्तीचा असतो. त्यासाठी यंत्र भिंतीतून साधारण १४०० वॉट ओढतं. कन्व्हेक्शन किंवा जोडमोडमध्ये (दोन सोयी एकत्र चालतात तेव्हा) हा आकडा २००० ते २५०० वॉटवर जातो, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ११ अँपिअर. त्यामुळे जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग आणि त्याला स्वतंत्र लाइन हवी. वायर तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटर, बोर्ड लांब असेल तर ४ चौरस मिलिमीटर. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग किंवा १६ चं ६ मध्ये बदलणारा ॲडॉप्टर यांपैकी काहीही नाही. एकाच लाइनवर गिझर किंवा इंडक्शन असेल तर एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा खटका) पडणारच. तो पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवणं म्हणजे भिंतीतली वायर जाळायची तयारी करणं.

अर्थिंगवर तडजोड नको. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या पिनेला वायर जोडलेलीच नसते, असं पुष्कळदा आढळतं. यंत्राच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी प्लग काढा. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजून घ्या. तो फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे प्रवाह गळला की वीज तोडणारा खटका) घरात असेल तर उत्तमच, कारण हे वाफेचं यंत्र आहे आणि ओल्या हातांनी हाताळलं जातं.

इथे पावसाळ्यातली एक नेहमीची तक्रार सांगायला हवी. ग्रिल किंवा कन्व्हेक्शन खूप दिवस वापरलेलं नसतं, आणि चालू केल्या केल्या आरसीसीबी पडतो. हीटरच्या नळीत तारेभोवती जी पूड भरलेली असते ती दमट हवेत ओल धरते आणि थोडा प्रवाह अर्थकडे गळतो. कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर हे जास्त होतं. उपाय म्हणजे तंत्रज्ञाला बोलावून हीटरचं इन्सुलेशन तपासून घेणं. आरसीसीबी बायपास करून ‘एकदा तापू दे’ म्हणणारा कारागीर दारातूनच परत पाठवा. हा त्रास टाळायचा सोपा मार्ग असा: पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कन्व्हेक्शन १० मिनिटं चालवायचं.

जागेबद्दल तीन गोष्टी. फ्रिजच्या डोक्यावर हे यंत्र ठेवू नये. उकळता वाडगा खांद्याच्या वरून खाली घेणं हाच भाजण्याचा सर्वांत सोपा रस्ता आहे. आतला तळ कोपराच्या उंचीच्या आसपास असावा. बाजूंना आणि वर मोकळी जागा लागते. नेमकी किती ते पुस्तिकेत असतं, पण बाजूंना १० आणि वर २० सेंटिमीटर धरून चाललं तर बहुतेक मॉडेलांना पुरतं. सुटं यंत्र मॉड्युलर किचनच्या बंद कप्प्यात कोंबू नका. कन्व्हेक्शनची गरम हवा आणि वाफ बाहेर पडायला वाट लागते, आणि वरचा प्लायवूड फुगतो तो याच वाफेनं.

भांडं मोडप्रमाणे

कामाला सुरुवात करताना क्रम असा ठेवावा: आधी मोड ठरवायचा, मग भांडं उचलायचं. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं.

फक्त मायक्रोवेव्हसाठी बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच, साधं चिनीमातीचं भांडं, किंवा मायक्रोवेव्हसाठी योग्य असं लिहिलेलं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं भांडं, ज्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो. सोनेरी-रुपेरी काठाच्या प्लेट, स्टीलच्या वाट्या, ॲल्युमिनियमची फॉइल, मेलामाइनच्या ताटल्या यांपैकी काही नको. मेलामाइनमध्ये ठिणगी पडत नाही, पण ते स्वतः तापतं आणि तडकतं.

ग्रिल आणि कन्व्हेक्शनला धातू चालतो, प्लास्टिक अजिबात नाही. मायक्रोवेव्हला योग्य असलेला डबाही इथे टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि कन्व्हेक्शन २०० च्या वर जातं. काचेच्या भांड्याचं प्लास्टिकचं झाकण विसरून तसंच आत जाणं, ही या यंत्रातली फार नेहमीची चूक.

फक्त वाफेला स्टीलच्या इडलीच्या ताटल्या, ढोकळ्याची थाळी, भोकांचा ट्रे, केळीचं किंवा हळदीचं पान, सगळं चालतं. पण पुस्तिका उघडून एकदा खात्री करा की तुमच्या यंत्रातला वाफेचा मोड खरोखर फक्त वाफेचा आहे. पुष्कळ मॉडेलांत वाफेसोबत अधूनमधून मायक्रोवेव्हही सुटतात, कारण त्यामुळे वेळ वाचतो. अशा मोडला धातू वर्ज्य.

जोडमोडमध्ये, म्हणजे मायक्रोवेव्ह आणि दुसरं काहीतरी एकत्र असतं तेव्हा, दोन्हींचे निर्बंध एकदम लागू होतात. धातू नको आणि प्लास्टिकही नको. राहतं ते बोरोसिलिकेट आणि ओव्हनला चालणारं सिरॅमिक. सोबत आलेली तारेची जाळी मात्र जोडमोडला चालते, ज्या मॉडेलच्या पुस्तिकेत तसं लिहिलं आहे त्यात. तिचा आकार आणि तिच्या पायांच्या रबरी टोप्या त्यासाठीच ठरवलेल्या असतात. एखादी टोपी हरवली किंवा जाळी भिंतीला टेकली तर तिथे ठिणगी पडते. त्या जाळीवर स्टीलचं ताट ठेवलं तर दोन धातूंच्या मध्ये ठिणग्या नाचतात आणि आतला रंग उडतो. जाळी बाजारातून दुसरी आणून चालणार नाही. हवी तर त्याच मॉडेलची मागवा.

तयार मेनूचे बटण दाबण्यापूर्वीही थांबा. हे कार्यक्रम मधेच मोड बदलतात. खरवसाचं उदाहरण घ्या. भांड्यावर फॉइल लावून फक्त वाफेवर २५ ते ३० मिनिटं ठेवला तर छान लागतो. पण तोच डबा फॉइलसकट तयार मेनूला लावला आणि त्यात मायक्रोवेव्हचा टप्पा असला, तर फॉइलच्या कडा जळू लागतात. तयार मेनूसाठी भांडं नेहमी धातूविरहित आणि ओव्हनला चालणारं, असा नियमच करावा.

मोड बदलताना आतली उष्णता विसरायची नाही. कन्व्हेक्शन संपल्यावर आतल्या भिंती बराच वेळ तापलेल्या असतात. लगेच मायक्रोवेव्हला प्लास्टिकचा डबा ठेवला तर मायक्रोवेव्ह निर्दोष असूनही डब्याचा तळ मऊ पडतो. काचेचं फिरतं ताट तापलेलं असताना त्यावर फ्रिजमधलं भांडं ठेवलं की ते तडकतं. गरम बोरोसिलिकेट ओल्या ओट्यावर ठेवल्यावरही तेच. तापलेल्या यंत्रात सेन्सरचे कार्यक्रमही चुकतात. ते पदार्थातून निघणाऱ्या वाफेवर किंवा उष्णतेवर वेळ ठरवतात आणि आत आधीच दोन्ही भरलेलं असतं. दार उघडून १५–२० मिनिटं निवू द्या, आतलं पाणी पुसा, मग सेन्सर वापरा.

रिकामं यंत्र चालवायचं ते फक्त मायक्रोवेव्ह नसलेल्या मोडवर, जसं कन्व्हेक्शन आधी तापवून घेताना. मायक्रोवेव्ह किंवा जोडमोडवर रिकामं चालवलं तर लहरी परत मॅग्नेट्रॉनवर येतात आणि तो तापून जातो. घरात लहान मुलं बटणांशी खेळत असतील तर चाइल्ड लॉक लावाच, आणि वापर नसताना भिंतीवरचा खटका बंद ठेवा.

वाफेशी वागताना

वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल का जातो, याचं कारण साधं आहे. एक ग्रॅम उकळतं पाणी त्वचेच्या तापमानाला येताना साधारण ६३ कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होतानाच ५४० कॅलरी सोडते, वरच्या ६३ वेगळ्या. शिवाय वाफ दिसत नाही. आपण ज्याला वाफ म्हणतो तो पांढरा धूर म्हणजे थंड हवेत आल्यावर झालेले पाण्याचे थेंब. वाफ आणि कन्व्हेक्शन एकत्र १८० अंशावर चालू असतं तेव्हा आत वाफ दिसतच नाही, पण ती पेटी वाफेनं भरलेली असते. काचेतून स्वच्छ दिसतंय म्हणून तोंड जवळ नेऊ नका.

दार उघडायची पद्धत: कार्यक्रम संपल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. यंत्राच्या समोर उभं न राहता बाजूला उभं राहा. आडव्या बिजागरीचं, खाली पडणारं दार असेल तर चेहरा आणि हात मागे घ्या, कारण वाफ सरळ वर येते. दार दोन बोटं उघडा, वाफ निघून जाऊ द्या, मग पूर्ण उघडा. चष्मा असेल तर तो धुरकटतो, आणि न दिसता गरम ट्रे धरायला जाणं धोक्याचं. तेही मिनिटभर थांबायचं कारण आहेच. हातमोजे कोरडे हवेत. ओला मोजा किंवा ओलं फडकं उष्णता लगेच आत पोचवतं. ट्रे बाहेर काढताना तो सपाट ठेवा, त्यात उकळतं पाणी साठलेलं असतं. खाली पडणाऱ्या दारावर जड भांडं टेकवू नका. बिजागरी वाकली की दार नीट बसत नाही.

झाकण घट्ट लावून काहीही आत जाऊ नये. पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशेपटींहून जास्त वाढतं. क्लिपचे डबे, बाटल्या, बंद पिशव्या यांना वाट हवी. झाकण तिरकं ठेवा. प्लास्टिकची फिल्म असेल तर तिला भोकं पाडा आणि काढताना आपल्यापासून दूरची कड आधी उचला.

मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवताना आणखी एक धोका आहे. गुळगुळीत काचेच्या पेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही बुडबुडे न येता शांत राहू शकतं. मग चमचा किंवा चहाची पुडी पडताच ते एकदम उसळतं. ९०० वॉटला २०० मिली पाणी दीड-दोन मिनिटांत उकळीला येतं, त्याहून जास्त वेळ लावू नका. पेल्यात आधीच लाकडी काडी ठेवा आणि थांबल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका.

अंड्याच्या बाबतीत मोडचा फरक अगदी उघड दिसतो. कवचासकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये फुटतं. उकडून सोललेलं अंडंही पुन्हा गरम करताना फुटतं, कधी कधी तर बाहेर काढल्यावर, दाताखाली. तेच कवचाचं अंडं फक्त वाफेवर १२ ते १४ मिनिटांत व्यवस्थित उकडतं. बटाटा, रताळं, टोमॅटो, अख्खं वांगं यांना मायक्रोवेव्हपूर्वी काट्यानं टोचे मारा.

बाळाची दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये नको. बाटली बाहेरून कोमट आणि आत मध्यभागी दूध कढत, असं होतं. कोमट पाण्यात बाटली उभी करणं हाच बरा मार्ग.

टाकी, पाणी आणि क्षार

टाकीत फक्त स्वच्छ, थंड पाणी. गरम पाणी, मीठ, लिंबाचा रस, मसाला, ओवा काहीही नाही. वास हवा असेल तर पानं ट्रेमध्ये ठेवा. बोअरचं पाणी जड असतं आणि हीटरवर पांढरा थर बसतो. तो थर उष्णता अडवतो, वाफ कमी येते, पंप खरखरतो आणि शेवटी तोंड बुजतं. फिल्टरचं पाणी वापरा. डिस्टिल्ड पाणी मात्र पुस्तिका न पाहता घालू नका. काही यंत्रांत पाण्याची पातळी त्याच्या वीजवाहकतेवरून कळते, आणि शुद्ध पाणी असलं की टाकी रिकामी असल्याचा इशारा येत राहतो.

प्रत्येक वापरानंतर टाकी रिकामी करून सुकवायची. दोन-तीन दिवसांचं पाणी बुळबुळीत होतं आणि तीच वाफ पुढच्या पदार्थाला लागते. दाराखालचा पाणी साठणारा ट्रेही विसरू नका, तो भरला की पाणी ओट्यावर आणि तिथून प्लगकडे जातं.

क्षार काढायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, चांगलं. पुस्तिकेत प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. नसेल तर एक लिटर पाण्याला २० ते २५ ग्रॅम पूर्ण विरघळवून टाकीत घाला, डीस्केलिंगचा कार्यक्रम चालवा, नंतर साध्या पाण्यानं किमान दोनदा वाफ काढून टाका. त्या वेळी आत पदार्थ ठेवू नका. व्हिनेगरचा वास रबरी नळ्यांत राहतो, म्हणून ते दुय्यम. ॲसिडसोबत ब्लीच कधीही नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

स्वयंपाकात हे यंत्र कसं उतरतं

उकडीचे मोदक १२ ते १५ मिनिटांत होतात. भोकांच्या ट्रेवर केळीचं पान, पानालाही सुरीनं भोकं, आणि दोन मोदकांत बोटभर अंतर. बंद तळाच्या थाळीत ठेवले तर बूड चिकट होतं. एका वेळी एक किंवा दोन थर बसतात. गणपतीत २१ चा नैवेद्य एका फेरीत निघतो, मोठ्या घरासाठी मात्र गॅसवरचं मोदकपात्रच वेगवान. यंत्राचं छत सपाट असल्यानं त्यावरचे थेंब ढोकळ्यावर पडून ओले डाग होतात. वरच्या खणात उपडी थाळी ठेवली की ते थांबतं. धातूची थाळी अर्थात फक्त शुद्ध वाफेच्या मोडला.

इडली १२ ते १५ मिनिटं, पातोळ्या तेवढ्याच, अळूवडीचे रोल २० मिनिटं, पापलेट ८ ते १० मिनिटं. ही वेळ वाफ पूर्ण भरल्यापासूनची. थंड यंत्राला तिथवर यायला काही मिनिटं लागतात. टाकी मध्येच संपत असेल तर आकार आणि वेळ यांचा अंदाज पहिल्या काही वापरांत घेऊन ठेवा.

सगळ्यात जास्त समाधान देणारा पदार्थ कोथिंबीर वडी. थापलेलं पीठ २० मिनिटं वाफवायचं, पूर्ण गार करून कापायचं, तेलाचा हात फिरवून जाळीवर ठेवायचं आणि ग्रिलला दोन्ही बाजू खरपूस करायच्या. तळणीइतकी कुरकुरीत होत नाही, पण तेल पळीभरही लागत नाही. वाफ आणि कन्व्हेक्शन एकत्र घेतलं तर पाव आणि चिकन दोन्ही आतून कोरडे पडत नाहीत. उरलेला भात वाफेवर गरम केला तर पुन्हा मोकळा आणि मऊ होतो, मायक्रोवेव्हसारखा दगडी नाही. पण शिजलेला भात बाहेर दोन तासांहून जास्त राहू देऊ नका. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मांस-मासे गरम करताना मध्यभागी ७५ अंश व्हायला हवेत. मध्ये एकदा ढवळा आणि झाल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवा. धातूचा थर्मामीटर बाहेर काढल्यावरच टोचायचा.

जमत नाही ते: भाकरी, फोडणी, तळण. तेल तापवायचा प्रयत्न तर मुळीच करू नये, तापमानावर ताबा राहत नाही. डाळीला कुकरच बरा. पापड आणि शेंगदाणे मायक्रोवेव्हमध्ये उत्तम भाजतात, पण तिथेच आग लागते. पापड अर्ध्या ते पाऊण मिनिटात होतो. शेंगदाणे आतून आधी जळतात, म्हणून वाटीभर दाण्यांना मिनिटामिनिटाला ढवळा आणि समोरून हलू नका. आत आग दिसली तर दार बंदच ठेवा, भिंतीवरचा खटका बंद करा आणि हवा संपून ती विझेपर्यंत थांबा. दार उघडलं की ज्वाला बाहेर येते.

स्वच्छता आणि बिघाड

वाफेनंतर आतलं पाणी पुसणं हा सौंदर्याचा प्रश्न नाही. सपाट तळाच्या यंत्रात साठलेलं पाणी पुढच्या वेळी मायक्रोवेव्ह स्वतःच शोषतं आणि पदार्थ गार राहतो. पुसून दार अर्धा तास उघडं ठेवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत रंगवलेल्या आतल्या पत्र्याला गंज लवकर लागतो, म्हणून तिथे स्टेनलेस स्टीलचं आतलं अंग घ्यावं.

आत बाजूला पुठ्ठ्यासारखी दिसणारी अभ्रकाची पातळ चकती असते, लहरी तिथूनच येतात. तिच्यावर तेल उडून काळं झालं की तिथेच ठिणग्या सुरू होतात. ती ओल्या मऊ फडक्यानं हलकेच पुसा. जळली असेल तर यंत्र थांबवून नवी बसवून घ्या, ती स्वस्त असते. चकती काढून टाकून यंत्र चालवू नका.

दाराभोवतीची कड आणि बिजागरी स्वच्छ, सरळ, गंजविरहित असली पाहिजे. दाराच्या कडीला तीन खटके जोडलेले असतात, त्यामुळे दार उघडताच लहरी थांबतात. दार उघडं असताना पंखा आणि दिवा चालू राहिले तर घाबरू नका, पण पदार्थ तापतोय असं वाटलं तर प्लग काढा. लहरींची मान्य मर्यादा ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॅट आहे, आणि धड दाराचं यंत्र त्याच्या आत राहतं. मोबाइल आत ठेवून रिंग वाजते का पाहायची चाचणी काहीच सिद्ध करत नाही. तडकलेली काच, वाकलेलं दार, आरपार गंज, यांपैकी काही दिसलं तर वापर बंद.

मागचं झाकण घरी उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरवर हजारो व्होल्टचा भार प्लग काढल्यावरही टिकून राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. झुरळं आत शिरून सर्किट बोर्ड जाळतात. त्यावर यंत्रात फवारा मारू नका. मागच्या फटींभोवती ओटा कोरडा आणि कणरहित ठेवा, जेलचे ठिपके भिंतीला लावा. काम संपल्यावर पंखा काही मिनिटं चालू राहतो आणि पंप गुरगुरतो, ते बरोबर आहे. तो आपणहून थांबेपर्यंत खटका बंद करू नका.

घेण्यापूर्वी दुकानदाराला नेमकं विचारा: वाफेचा मोड शुद्ध वाफेचा आहे का, टाकी किती मिलीची, क्षार काढायचा कार्यक्रम आहे का, आतलं अंग कशाचं. त्याच मॉडेलची टाकी, जाळी आणि अभ्रकाची चकती तुमच्या गावातल्या सेवा केंद्रात मिळते का, हे फोन करून तपासा. टाकीचं झाकण तडकलं आणि सुटा भाग मिळाला नाही, तर महागडं यंत्र पुन्हा साधा कन्व्हेक्शन होऊन बसतं. घरी बसवायला येणाऱ्या माणसाकडून टाकी भरून पाच मिनिटं वाफ काढून पाहा, दार सगळीकडून नीट बसतं का बघा, आणि मगच पावतीवर सही करा.